नऊ मीटर चाळीस: उमय्या खिलाफतीच्या पट्टीच्या नोंदी

८ जून २०२५

मृग लागला आणि आमचं कामही लागलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये भिंतीभर कागदाची पट्टी लावायची, त्यावर उमय्या खिलाफतीची सुरुवात ते शेवट. मागच्या वर्षी सातवाहनांची केली होती, लोकांना आवडली, पण तिच्यात माप असं काही नव्हतं, जो राजा आवडला त्याला दोन फूट आणि ज्याचं काही सापडलं नाही त्याला चार बोटं. या वेळी मी अट घातली की सगळं मापात. एक वर्ष म्हणजे दहा सेंटिमीटर, मग घडो न घडो.

विषय इतिहासाच्या निवृत्त बाईंनी सुचवला. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे खलिफा म्हणलं की लोक थेट बगदाद आणि हारून अल रशीदवर उडी मारतात, त्याच्या आधी दमास्कसमधून स्पेन ते सिंध एवढा मुलूख चालवला ते घराणं कुणाच्या खिजगणतीत नाही.

६६१ ला मुआविया खलिफा झाला आणि ७५० ला सगळं संपलं. पण मुआविया काही आभाळातून पडला नाही, त्याच्या आधी वीसेक वर्षं तो सीरियाचा सुभेदारच होता, आणि ६५६ मध्ये तिसरे खलिफा हजरत उस्मान यांची मदिनेत घरात घुसून हत्या झाली, ते याच घराण्यातले, तिथूनच गाडी पुढे सरकते. म्हणून सुरुवात ६५६. म्हणजे ९४ वर्षं, ९ मीटर ४० सेंटिमीटर. लांब भिंत मोजली तर वीस फूट, सहा मीटर दहा. म्हणजे पट्टी कोपऱ्यात वळणार आणि वळणार ती बरोब्बर ७१७ ला. ग्रंथपाल काका म्हणाले, चालेल, फक्त स्विचबोर्ड झाकू नका.

मी लोकांचे रिटर्न भरणारा माणूस, इतिहासाशी माझा संबंध वाचण्यापुरता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मला सगळीकडे करच दिसणार आहेत.

१५ जून

उर्दू शाळेचे सर आले होते, नावं तपासायला. मी सगळीकडे "उमय्यद" लिहिलं होतं. सर म्हणाले ते इंग्रजीतून आलं, मूळ बनू उमय्या, म्हणजे उमय्याचं कुळ, मराठीत नुसतं उमय्या लिहा. मग खोडरबर.

आज पहिलं अर्धा मीटर झालं. पैगंबरांचे जावई हजरत अली खलिफा झाले, मुआवियाने उस्मान यांच्या खुनाचा जाब मागत बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, नाकारली, ६५७ ला फरात नदीकाठी सिफ्फीनची लढाई, ती निकाली न निघता लवादाकडे गेली, लवाद मान्य केला म्हणून अलींच्याच गोटातले काही लोक फुटून निघाले ते खारिजी, आणि ६६१ ला त्यांच्यातल्याच एकाने इराकातल्या कूफ्यात हजरत अलींना मारलं. अलींचे पुत्र हजरत हसन यांनी त्याच वर्षी मुआवियाशी तह करून खिलाफतीवरचा हक्क सोडला.

मुआविया मला आवडायला लागलाय. माझ्यात आणि लोकांत एक केस जरी ताणलेला असला तरी तो मी तुटू देणार नाही, त्यांनी ओढला की मी सैल सोडीन आणि त्यांनी सोडला की मी ओढीन, असं त्याच्या नावावर सांगतात. असा माणूस सोसायटीचा चेअरमन असता तर काय बहार आली असती.

कागद सर्दावलाय. दुकानदाराने "भारीतला रोल" म्हणून दिला आणि स्केचपेनची शाई त्यावर अशी फुटते की सिफ्फीनचं सिफ्फूफीन झालं. भाची म्हणाली मामा पोस्टर कलर घे. घेतला.

२२ जून

आज निम्मा दिवस एकाच गोष्टीत गेला, म्हणजे हिजरी सन. पट्टीच्या वरच्या कडेला इसवी सन आणि खालच्या कडेला हिजरी घ्यायचं होतं. इसवीचं वर्ष १० सेंटिमीटर, तर हिजरीचं चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे ९.७. तीन मिलिमीटरचा फरक, दिसतही नाही. पण ९४ वर्षं जाईपर्यंत हिजरी जवळजवळ तीन वर्षं पुढे निघून जातं. भाचीला कळेना की दोन्ही चंद्रावरचीच तर आपली दिवाळी का नाही अशी पळत. मग सांगितलं की आपण मधेमधे अधिक महिना घालून गाडी परत रुळावर आणतो, हिजरीत अधिक महिना नाही.

आता यात माझ्या धंद्याची गोष्ट अशी की पीक सूर्यावर येतं आणि सन चंद्रावर चालतो. तेहतीस हिजरी वर्षं होतात तेव्हा सुग्या बत्तीसच झालेल्या असतात. मग त्या एका वर्षाचा सारा कुठून आणायचा? आपल्याकडे हाच घोळ निस्तरायला फसली सन आला, आणि पेशवे दफ्तरातला शुहूर सन तर आकडे अरबी, इसन्ने सलास अर्बा खमस, पण सुरू होतो मृगाला. काकांनी कपाटातून एक छापील दफ्तर काढून दाखवलं, मोडीतल्या पत्रांवर अरबी आकडे, आणि लिहिणारा कुलकर्णी. सर बघतच राहिले.

७ जुलै

काल आषाढी आणि मोहरमची दहा तारीख एकाच दिवशी. हॉल बंद होता पण बाहेरच्या रस्त्यावर सकाळी टाळ आणि दुपारनंतर ताशा. तसं बघितलं तर यात नवल नाही, चंद्रकोर दिसल्यापासून दहावा दिवस म्हणजे आपल्या एकादशीच्या आसपासच येणार, फक्त महिना जुळायला हवा.

आज ६८० ची जागा भरली. यझीद बाप मुआवियाच्या मागे गादीवर आला, म्हणजे खिलाफत घराण्यात वारशाने चालली हे उघड झालं, हसन यांचे धाकटे भाऊ हजरत हुसेन यांनी बैअत दिली नाही, कूफ्याच्या लोकांनी बोलावलं आणि ऐन वेळी पाठ फिरवली, आणि ६१ हिजरीच्या १० मोहरमला, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० ला, करबलाच्या मैदानात पाण्यावाचून कोंडून त्यांना आणि सोबतच्या मूठभर माणसांना मारलं. अख्ख्या पट्टीवर हॉलमधल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असलेली ही एकच तारीख. हॉल झाडणाऱ्या मावशींनी कागद बघून विचारलं, हे आपल्या ताबुतांचंच ना? त्यांचं माहेर कडेगावकडचं, तिथले ते उंच ताबूत त्यांनी लहानपणापासून बघितलेले. मावशी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. मी चौकटीत चित्र काढणार होतो, नाही काढलं, नुसती तारीख ठेवली.

१३ जुलै

६८४, मर्ज राहित. दमास्कसजवळची ही लढाई पुस्तकात दोन ओळीत उरकतात. यझीद मेला, त्याचा पोरगा काही आठवड्यांत गेला, मक्केत इब्न झुबैर खलिफा म्हणून बसलेला, सीरियातसुद्धा निम्मे लोक त्याच्याकडे. तेव्हा उमय्यांच्या बाजूने कल्ब टोळी आणि समोर कैस टोळी. कल्ब जिंकले, म्हातारा मरवान गादीवर आला, घराणं वाचलं. पण कैसवाले ती कत्तल विसरले नाहीत. पुढे प्रत्येक सुभेदार एक तर कैसकडचा नाही तर यमनवाल्यांकडचा (म्हणजे कल्ब आणि त्यांच्या बाजूच्या टोळ्या), आणि नवा आला की जुन्याला कोठडीत टाकून पैसे ओकायला लावणार.

बाईंनी लाल दोरा आणला आणि २ मीटर ८० च्या खुणेवर टाचणी मारून म्हणाल्या, हा शेवटपर्यंत न्या, राज्य याने पडलं. मी म्हणलं करामुळे पडलं. त्या म्हणाल्या मग तुम्ही तुमचा निळा दोरा लावा. ठरलं, दोन दोरे.

अब्दुल मलिक (६८५ ते ७०५) मला फार जवळचा वाटतो कारण याने ऑफिस लावलं. याच्या आधीचे हिशोब कसे होते तर सीरियात ग्रीक भाषेत आणि इराकात फारसीत, कारकून सगळे जुन्याच राज्यातले, राज्य बदललं पण वह्या तशाच. याने दिवाण, म्हणजे सरकारी हिशोबाचं दफ्तर, अरबीत आणला. आपला दिवाण, दिवाणी कोर्ट, सगळं त्याच शब्दातून. आणि नाणी. आधी बायझंटाइन राजाच्या चेहऱ्याची नक्कल चालायची, मग काही वर्षं तलवारीवर हात ठेवून उभा खलिफा आला, आणि ७७ हिजरीला, म्हणजे ६९६-९७ ला, चित्रच गायब, दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं. सोन्याचा दिनार सव्वाचार ग्रॅमचा. नाणी जमवणाऱ्या मित्राने सराफाकडचा बारका काटा आणला आणि सव्वाचार ग्रॅम म्हणजे किती ते दाखवायला त्यावर भाचीच्या कानातले ठेवत बसला, ती ओरडली. जेरुसलेमचा सोनेरी घुमटही याच्याच काळातला, ७२ हिजरी.

२० जुलै

७११. पट्टीवरची सगळ्यात दाटीची जागा असेल असं वाटलं होतं, तारिक जिब्राल्टर ओलांडून स्पेनमध्ये, इकडे मुहम्मद बिन कासिम देबलवरून सिंधमध्ये, तिकडे कुतैबा बुखारा समरकंदकडे. पण दहा-बारा सेंटिमीटरमध्ये आरामात बसलं. मुलूख घ्यायला जागा कमी लागते.

पूर्वेकडच्या दोन्ही मोहिमांच्या मागे एकच माणूस, इराकचा सुभेदार हज्जाज, ताइफचा एके काळचा शाळामास्तर. उर्दू शाळेचे सर म्हणाले मास्तर लोकांना कमी समजू नका.

निळा दोरा मी हज्जाजपासून लावलाय. कारण असं. जिंकलेल्या मुलखातले शेतकरी खराज (जमिनीचा सारा) आणि जिझिया (मुसलमान नसलेल्यांवरचा डोईकर) भरायचे, आणि त्या पैशातून दिवाणच्या यादीत नाव असलेल्या अरब सैनिकांना बांधील रक्कम मिळायची. आता शेतकरी मुसलमान होऊन शहरात यायला लागले. यांना म्हणायचे मवाली, कुठल्या तरी अरब टोळीच्या आश्रयाने राहणारे. (भाचीने हे मोठ्या अक्षरात लिहिलं आणि हसत सुटली. सर म्हणाले शब्द तोच आहे, आपल्याकडे येईस्तोवर बिचाऱ्याची अब्रू गेली.) यांचा कर थांबवला तर तिजोरी रिकामी, नाही थांबवला तर धर्मात सगळे सारखे म्हणता ते काय झालं? हज्जाजने सरळ त्यांना गावी परत हाकललं, हातावर गावाचं नाव गोंदवून पाठवलं असं सांगतात.

२७ जुलै

कोपरा आला. कागद दुमडताना फाटला, मागून कापडी पट्टी लावून शिवल्यासारखं केलं.

पट्टीच्या घडीवरच ७१७. त्या वर्षी उमय्यांचा सेनापती मस्लमा याने बायझंटाइनांच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, वेढा घातला, वर्षभर चालला, पाण्यावर पेटणारी ती ग्रीक आग आणि कडाक्याची थंडी, ७१८ ला उठवावा लागला. आणि त्याच वर्षी दुसरा उमर खलिफा झाला. कोपरा तिथे आला तो वीस फुटांच्या भिंतीमुळे, उगाच अर्थ काढू नये, पण बघणारे काढणारच.

या उमरने हुकूम काढला की जो मुसलमान झाला त्याच्याकडून जिझिया घ्यायचा नाही. कुणी सुभेदार कुरकुरला की उत्पन्न बुडेल, तेव्हा पैगंबर मार्ग दाखवायला आले होते, कर गोळा करायला नाही, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. ७२० ला तो वारला. मी माझ्या टेबलावर रोज बघतो, सूट जाहीर होते, पोर्टलवर यायला उशीर, आली की पुढच्या वर्षी कुणीतरी काढून घेतो, आणि माणूस सूट मिळाली नाही त्यापेक्षा दिलेली काढून घेतली याने जास्त पेटतो. पुढच्यांनी तेच केलं. खुरासानात, म्हणजे इराणच्या ईशान्येकडच्या सुभ्यात, तर हा खेळ दोनदा तीनदा झाला, या म्हणे कर माफ, लोक आले, मग म्हणे भरा.

७४० ला मोरोक्कोकडे बर्बर उठले तेही याच दुखण्याने. मुसलमान होते, स्पेन जिंकणाऱ्या फौजेत होते, तरी सुभेदार त्यांना हरलेल्या लोकांसारखं वागवत होता. त्यांच्यावर सीरियातून पाठवलेल्या फौजेचे ७४१ ला तुकडे झाले, आणि सीरियाची फौज म्हणजे राज्याचा कणा.

ग्रंथपाल काकांनी कराची चौकट वाचली आणि म्हणाले जकात लिहायची राहिली, मग नाका कुठे होता तेही दाखवा. समजावलं की जकात म्हणजे मूळ दानधर्माची, नाक्यावरची नव्हे. त्यांनी मान हलवली पण पटलं नसावं. खराज आणि आपला खर्च एकाच धातूतले हे मात्र त्यांना लगेच पटलं.

३ ऑगस्ट

पट्टीवर आपल्या बाजूचं एवढंच: ८ मीटर २५ च्या आसपास, नवसारी. खलिफा हिशामच्या काळात सिंधच्या सुभेदारांच्या फौजा गुजरातेत उतरल्या होत्या. नवसारीला चालुक्यांचा प्रतिनिधी होता पुलकेशी, बिरुद अवनिजनाश्रय, त्याने त्यांना हरवलं, आणि त्याचा ७३८-३९ चा ताम्रपट सापडलाय. त्यात शत्रूचं नाव "ताजिक", आणि त्यांनी आधी कुणाकुणाला झोडपलं याची यादी, सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर. खूश होऊन बादामीच्या विक्रमादित्याने त्याला दिलेल्या पदव्यांतली एक "दक्षिणापथसाधार". ताजिक म्हणजे तेव्हाचे अरब. आपल्या ज्योतिषातलं ताजिक वर्षफळ ते याच शब्दाचं.

दमास्कसवरून बघितलं तर नवसारी म्हणजे फार लांबचं टोक. पण याच आठ-दहा वर्षांत ७३० ला उत्तरेकडचे खझर लोक अर्दबीलपाशी एक फौज कापतायत, ७३१ ला समरकंदच्या खिंडीत दुसरी अडकतेय, ७३२ ला फ्रान्समध्ये प्वातिएला तिसरी हरतेय. एकटी कुठलीच राज्य बुडवणारी नाही. पण लूट येणं बंद झालं आणि पगार चालूच.

कुणी तरी येऊन विचारलं, म्हणजे आपण त्यांचं राज्य पाडलं का? नाही हो. तीन सेंटिमीटरची चौकट आहे, तीनच राहील.

१० ऑगस्ट

माप गंडलं. ७४० ते ७५० ला एकच मीटर आणि त्यात काय काय घालू. ७४४ चे दहा सेंटिमीटर बघा, एप्रिलमध्ये दुसरा वलीद त्याच्याच चुलतभावाच्या माणसांनी मारला, तो चुलतभाऊ तिसरा यझीद सहा महिन्यांच्या आत मेला, मग इब्राहीम, ज्याला धड खलिफाही कुणी मानेना, आणि डिसेंबरात दुसरा मरवान. चार खलिफा दहा सेंटिमीटरमध्ये, अक्षर मुंगीएवढं. भाची म्हणाली इथे स्केल वाढव. नाही वाढवला. उभ्या चिठ्ठ्या लावल्या, एकावर एक, ती जागा आता भिंतीवरून बाहेर आलीय.

मरवान सैनिक म्हणून खमका. टोपणनाव गाढव, चिकाटीमुळे म्हणे. पण तो कैसच्या जिवावर आलेला, त्याने राजधानी दमास्कस सोडून हर्रानला नेली, आणि सीरियातली गावं एकेक करून परत जिंकत बसला, म्हणजे स्वतःच्याच घरात. जानेवारी ७४९ ला भूकंप. पॅलेस्टाइनमधल्या बैसानला हिशामच्या नावाचा मोझेक लावलेला बाजार होता, तो त्यात कोसळला, खणून काढला तेव्हा ती अक्षरं सापडली. नेमका तोच बाजार पट्टीवर काढायला भाचीला दोन तास लागले.

आणि खुरासान. इथे मी आणि बाई दोघंही गप्प झालो. मर्व या तिथल्या मुख्य शहरात सुभेदार नस्र बिन सय्यार, आणि त्याच्याच हाताखालची अरब फौज दोन तट पडून आपसात लढतेय, यमनवाले एका बाजूला. लाल दोरा. शेजारच्या गावांतून करावरून पोळलेले मवाली आणि सीरियावाल्यांना वैतागलेले अरब एकत्र जमतायत. निळा दोरा. अबू मुस्लिम नावाचा माणूस, स्वतः मौला, म्हणजे मवालींपैकीच एक, कोणाचा मुलगा ते नीट माहीत नाही, ७४७ च्या जूनमध्ये काळे झेंडे उभारतो, आणि गादीवर कोण बसणार ते सांगतच नाही, नुसतं "पैगंबरांच्या घराण्यातला, सगळ्यांना मान्य असा". ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकलं. नस्रने वर कळवलं, कवितेतून, की राखेखाली निखारे दिसतायत, उमय्या जागे आहेत का झोपलेत. मदत आली नाही. मर्वच्या टाचणीपाशी दोन्ही दोरे इतके गुंतले की वेगळे करता येईनात. बाई म्हणाल्या राहू द्या. वाद आमचा तिथेच संपला.

१४ ऑगस्ट

शेवटचे पंधरा सेंटिमीटर. नोव्हेंबर ७४९, कूफ्याच्या मशिदीत अब्बासी घराण्यातला (पुढचे बगदादवाले ते हेच) सफ्फाह खलिफा म्हणून जाहीर. जानेवारी ७५० ला इराकातल्या झाब नदीवर मरवानचा पराभव, पळता पळता ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या बूसीरला मारला गेला. पॅलेस्टाइनमध्ये अबू फुत्रुस नदीकाठी उरलेल्या उमय्यांना अभय देऊन बोलावलं आणि कापलं, ऐंशीच्या आसपास असं सांगतात. थडगी उकरली, दुसऱ्या उमरचं सोडलं म्हणे. काळा पोस्टर कलर संपला, शेवटचा झेंडा बुटाच्या पॉलिशने.

बाईंनी एक कोपऱ्यातली टीप लिहायला लावली, आणि बरं केलं: या घराण्याबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं पुढे अब्बासींच्या राज्यात लिहिलं गेलं. जुन्या मालकाच्या वह्या नव्या मालकाच्या मुनिमाने लिहिलेल्या, तेव्हा ऐशआराम, दारू, जुलूम हे सगळं जरा हाताचं राखून वाचावं. मी असल्या वह्या पाहिल्यात.

आता दाराचा प्रश्न. हिशामचा नातू अब्दुर रहमान वाचला. फरात पोहून पार केली, सोबतच्या भावाला मागे फिरवून काठावरच मारलं ते त्याने पाण्यातून बघितलं, मग पाच वर्षं आफ्रिकेच्या काठाकाठाने, आईच्या माहेरचे बर्बर लोक शोधत, ७५५ ला स्पेन, ७५६ ला कॉर्डोबा, आणि तिथे घराणं परत उभं. पट्टी ७५० ला संपते आणि तिथेच हॉलचं दार सुरू होतं. ७५६ म्हणजे साठ सेंटिमीटर पुढे, म्हणजे बरोबर दाराच्या फळीवर. काकांनी आधी नाही म्हणलं, कडी लागते तिथे. मग एक चिठ्ठी चालेल म्हणाले, कडीच्या वर. लावली. दार दिवसभर उघडं असतं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून असते, संध्याकाळी सातला काका दार ओढून घेतात तेव्हा आतून दिसते. आज ती बघायला आम्ही चौघं आत थांबलो आणि काकांनी बाहेरून कुलूप लावलं.

फोन केला. पंधरा मिनिटांनी आले.

उद्या झेंडावंदनानंतर हॉल उघडायचा. मर्वच्या टाचण्या जरा वर काढल्या, लहान मुलांचा हात पुरतो.